पकडीचा घास

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी तब्येत विचारत नाही, ती मला सूनबाईकडून कळते. डोळे गेल्यापासून तू भिंतीकडे तोंड करून बसतोस, ताट पुढे सरकवलं तर जेवतोस आणि कोणाशी एक शब्द बोलत नाहीस म्हणे. माझ्या दृष्टीनं हे सोयीचं आहे. (सूनबाई, वाचून दाखवताना 'दृष्टीनं' गाळ.) आजवर तू ज्याचे खडे घडवायचास त्या दगडाबद्दल मी एक वाक्य धड पुरं केलं नव्हतं, निम्म्यावर आलं की तू ते माझ्या तोंडून काढून घ्यायचास आणि बरोबर करून परत द्यायचास. आता ऐकून घे.

भंगारात घाल म्हणून तू पाठवलेलं पोतं मी भंगारात घातलं नाही. तुझी हत्यारं आणि दगडाचे काप आमच्या ओट्यावर मांडले आहेत. निवृत्त माणसाला काहीतरी छंद हवा. तुझी रुंद जबड्याची पक्कड उत्तम आहे. तिनं आधी डब्याचं झाकण उघडलं, मग दारातला वाकडा खिळा उपटला, आणि मग मी दगडाकडे वळलो. कापावर आकार काढायला तू ॲल्युमिनियमची तार का वापरायचास ते मला कधीच समजलं नाही. मी शाईच्या पेनानं काढला. पाण्यात धरल्यावर आकार गेला, तेव्हा पुढे अंदाजानं गेलो. हिरकणीच्या टोकानं रेघ एकदाच ओढायची, तिच्यावरून पुन्हा जायचं नाही, असं तू म्हणायचास. मी पुन्हा पुन्हा गेलो. रेघ छान ठसठशीत झाली. काप रेघेवर न तुटता शेजारून तुटला, पण ती दगडाची चूक. तू पकडीच्या तोंडात दगडाची जेमतेम कड द्यायचास आणि उंदरासारखा कुरतडत बसायचास. तेवढ्यात माणूस जेवून, झोपून उठेल. मी तोंडभर घास दिला. काप मधोमध चिरला. ही म्हणाली, "थोरल्या भावजींनी जन्मभर घडवलं ते तुम्ही एका दुपारीत फोडलंत." (हे मोठ्यानं वाच.) उरलेल्या तुकड्यांच्या कडा मी कोरड्याच घासल्या, कारण पाण्यानं ओटा खराब होतो. धूळ बरीच उडते आणि खोकला येतो, पण खोकला मला आधीपासूनच आहे.

आता राहिला तुझा शेवाळी अकीकाचा दगड, आत हिरवे धागे असलेला. नेमका कुठून धरावा हे ठरत नाही म्हणून तू वर्षानुवर्षं त्याला पक्कड लावली नाहीस. माझं ठरलं आहे. येत्या रविवारी तो पकडीत घालतो, अख्ख्या तोंडानं. तुझी हरकत असेल तर सांग. नसेल तर आहेस तसाच बस.

एवढंच कळवायचं होतं. लोभ उरला असेल तेवढा असू दे.

तुझा धाकटा

ता. क. : डोळे नसले तरी दगडाची कड बोटांना कळते, असं ही म्हणते. मी तिला सांगितलं, कळो की न कळो, पोतं आता माझं आहे.

ता. क. २ : सूनबाई, आता 'संपलं' म्हण आणि हे मनात वाच. पोत्याची गाठसुद्धा मी सोडलेली नाही. दादानं मला जे जे करू नकोस म्हणून बजावलं होतं, ते आठवून लिहून काढलं. तो चिडला, ओरडला, त्यानं शिवी दिली, तर ती जशीच्या तशी कळव. लाजू नकोस. ती कळली की मी पोतं घेऊन तिकडे निघतो.

ता. क. ३ : काहीच बोलला नाही, तरी एक शिवी लिहून पाठव. तुला येत नसतील तर 'गाढवा' चालेल, तो मला तेच म्हणत आला आहे. फक्त ती त्यानं दिली की तू लिहिलीस, ते मला सांगू नकोस.