वास घ्यायला परमिट लागत नाही

शनिवार, ता. १ जुलै १९६१
तारे दिसल्याशिवाय आमचा शब्बाथ, शनिवारचा विसावा, संपत नाही, आणि आज आकाशभर ढग. मिल्का म्हणाली, "घड्याळ बघा आणि संपला म्हणा. तुमचं सगळं लक्ष कपाटाकडे आहे." होतंच. बायकोपासून काय लपतं!

व्हिस्कीची नवी बाटली उघडली. लेबलावरची इंग्रजी नावं माझ्या डोक्यात राहत नाहीत, म्हणून मी बाटल्यांना माणसांची नावं देतो. हिचं नाव 'खारवी'.
नाक: जळकं लाकूड, टिंक्चर, ओला दोर.
जीभ: आधी गूळ, मग धूर.
शेवट: खारट. दोनदा बघितलं. खारटच.

धर्मा आला. हा माझा शाळेपासूनचा दोस्त, खाडीकाठी त्याची मिठागरं. दारूबंदीत प्यायला लागतं ते परमिट त्याच्याकडे नाही. माझ्याकडे आहे, तब्येतीच्या कारणावर, आणि त्यातला घोटभर दुसऱ्याला पाजला तरी ते रद्द होतं. मी कायद्याला भितो हे सगळ्या पनवेलला ठाऊक आहे. म्हणून दर शनिवारी मी पितो आणि धर्मा नुसता वास घेतो. वास घ्यायला परमिट लागत नाही, हा माझा निकाल. खाडीपलीकडे तो काय पितो ते मी विचारत नाही.

त्याने ग्लासात नाक घातलं, मोठा श्वास घेतला. "यो मसनातून आलेला डॉक्टर हाय."
झक्क! धूर आणि टिंक्चर, एका वाक्यात. मी इतके रकाने भरतो आणि हा असा उडवतो.
मी म्हटलं, शेवटी खारट लागते.
"नाय. मिठाचा काय बी नाय यात."
"अरे, जिभेला लागतं."
"रुबेन, मीठ मना नको शिकवू."
तिथेच थांबलो. मिठागरवाल्याशी मिठावरून कोण भांडणार?

गुरुवार, ता. ६ जुलै
गिरणीत आज भाताच्या गोणी वासावरून परत पाठवल्या. आतला दाणा भिजून परत वाळवलेला. व्यापारी शपथा खात होता. शेठ म्हणाले, "घोसाळकरांचं नाक म्हणजे नाक." खूश. पण ह्या नाकाला वळण लागलं ते लढाईच्या दिवसांत गोदीत, दारूच्या फुटलेल्या खोक्यांची मोजदाद करताना, हे शेठना सांगितलेलं नाही.

मिल्काने वर्षभर माझ्या तब्येतीचा ध्यास घेतलाय. पहाटे बंदरापर्यंत चालायचं, तळलेलं बंद, मेथीचं पाणी. आता मी घोरतो म्हणे. एके काळी मला झोप येत नव्हती!

शनिवार, ता. २२ जुलै
'नवरदेव'. सोनेरी पट्टा, भरजरी लेबल.
नाक: मिल्का शुक्रवारच्या प्रार्थनेला मनुकांचं सरबत करते, हुबेहूब ते.
जीभ: गोड, गोड, आणि परत गोड.
शेवट: नाहीच. हार घालून निघून गेला.
धर्मा: "लग्नाच्या मांडवात केळी सडल्यात." दोघेही इतके हसलो की मिल्का बाहेर आली. तिने पण वास घेतला आणि म्हणाली, माझ्या सरबताला नावं ठेवू नका.

सोडा नको. विहिरीचं पाणी, तेही चमचाभर. याबद्दल आमचं एकमत आहे, जरी धर्मा पाणी घालून कधी प्यायलेलाच नाही.

मंगळवार, ता. १५ ऑगस्ट
झेंडावंदनाला डॉ. लेले भेटले. स्वतः चहासुद्धा घेत नाहीत, पण आजवर माझा दाखला त्यांनीच दिला. निद्रानाश, मंद भूक, अशक्तपणा. तेव्हा ते खरं होतं. आज त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.
"घोसाळकर, परमिट ऑक्टोबरअखेर संपतं ना? या वेळी अलिबागला वैद्यकीय बोर्डापुढे जावं लागेल."
"जाईन की."
"जाल हो. पण तुम्हाला झालंय काय?"
घरी येऊन आरशात बघितलं. गाल वर आलेत. आता?

शनिवार, ता. ९ सप्टेंबर
आज बाटलीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. परमिट गेलं तर शनिवार गेले, एवढाच विषय. धर्माने मला आजारी पडायला शिकवलं.
"खांदं खाली पार. डोलं अर्धं मीट. इचारलं का मग उत्तर उशिरा दे."
मी करून दाखवलं. म्हणाला, तू आजारी वाटत नाय, लबाड वाटतंस.
मग मलाच सुचलं. बोर्डाची तारीख एकवीस. वीसला आमची दरफाळणी. आम्हा इस्राएल लोकांचा वर्षातला सगळ्यात मोठा उपास, सांजेपासून सांजेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, दिवसभर आमच्या मशिदीत, म्हणजे सिनेगॉगमध्ये, उभं राहून प्रार्थना. उपास सोडताना नुसतं सरबत घ्यायचं आणि तसंच रिकाम्या पोटी सकाळची एस.टी. पकडायची. चेहरा आपोआप उतरलेला!
धर्मा थक्क. "तुजा देव लय उपेगी हाय."

बुधवार, ता. २० सप्टेंबर
उपास सुटला. मिल्काने आंबोळ्या, कोंबडीचा रस्सा पुढे ठेवला. मी सरबत घेऊन उठलो. तिने विचारलं, "उपास देवासाठी केलात की बाटलीसाठी?"
पानावरून उठायला एवढं जड कधी गेलं नव्हतं. खरंच लाज वाटली. पण जेवलो नाही.

गुरुवार, ता. २१ सप्टेंबर
अलिबाग. धर्मा सोबत. "आजारी मानसाला एकटा नाय धारत."

बोर्डाचे डॉक्टर तरुण, हसतमुख. नाडी धरली, रक्तदाब बघितला, परत बघितला. "रोज चालता वाटतं?" म्हटलं, हो. ते बोलायचं नव्हतं. मग त्यांनी दोन बोटं पुढे केली, "दाबा." आता ढिला हात द्यायचा हे पाठ केलेलं. पण पोरगेलासा डॉक्टर पनवेलच्या माणसाला दाबा म्हणतो! दाबली. डॉक्टर "आई गं" म्हणाले.
कागद वाचत विचारलं, "भूक मंद?" मी उशिरा उत्तर द्यायचं म्हणून थांबलो. तेवढ्यात पोटातून असा गडगडाट झाला की शेजारची नर्स तोंडाला पदर लावून बाहेर गेली.
"घोसाळकर, अभिनंदन. उपासाने तर तुमचा रक्तदाब आणखीच झकास झालाय." शेरा: प्रकृती उत्तम. परमिट नामंजूर.

हसू की रडू कळेना. बाहेर आलो. धर्मा खालून जिना चढून येत होता, माझं तोंड बघून काहीतरी बोलणार, तोच अर्ध्या जिन्यात खाली बसला. घामाने सदरा भिजलेला, ओठ निळे. मी ओरडलो. तेच डॉक्टर धावत आले.
हृदय. किती दिवसांपासून, विचारलं. धर्मा म्हणाला, पावसाळ्याच्या आधीपास्नं धाप लागतं, पण मिठाच्या कामात लागतंच.
एवढे शनिवार समोर बसला होता. मला गोणीतला भिजलेला दाणा कळतो, हे कळलं नाही.

शनिवार, ता. ७ ऑक्टोबर
धर्माच्या घरी गेलो. खाटेवर उशाला टेकून बसलेला, बारीक झालाय. त्याची बायको जनाबाई अळणी भाकर, अळणी मासळी घेऊन आली. मीठ बंद. कायमचं.
"मिठाच्या राशीवर बसून अलनी खातंय. गाव हसतंय मना."
जनाबाई म्हणाली, "हसू दे. तुमी खा."
ती आत गेल्यावर हळूच, "खारवी हाय का अजून?" बाटली घराबाहेर न्यायची माझी हिंमत नाही, पण बूच खिशात घालून नेलं होतं. बुचाला परमिट लागत नाही. त्याने ते किती तरी वेळ नाकाशी धरलं.
"अजून मसनातच हाय यो डॉक्टर. पन मी नाय जानार एवढ्यात."
बूच त्याच्याकडेच ठेवून आलो.

मंगळवार, ता. ३१ ऑक्टोबर
परमिटचा शेवटचा दिवस. खारवीचा एक पेग उरला होता. तिन्हीसांजेला एकटाच बसलो.
नाक: कळलं नाही.
जीभ: कळलं नाही.
ग्लास सवयीने समोरच्या खुर्चीकडे सरकवला आणि मग लक्षात आलं. मला वाटायचं पिणारा मी आणि धर्मा आपला सोबतीला. तसं नव्हतं. त्याने नाव ठेवल्याशिवाय मला चवच लागत नाही. मिल्का येऊन खुर्चीत बसली. म्हणाली, द्या, मी घेते वास. घेतला, शिंकली. बरं वाटलं.

रविवार, ता. १९ नोव्हेंबर
धर्मा हिंडूफिरू लागला! त्याला घेऊन डॉ. लेल्यांकडे. तपासून झाल्यावर लेले बराच वेळ टाक हातात धरून बसले, एरंडेल घ्यायची पाळी आल्यासारखे. मग म्हणाले, "अलिबागच्या डॉक्टरांनी लिहिलंय, जेवणाआधी उत्तेजक म्हणून थोडी दारू, औषधाच्या मापाने. मला पटत नाही. पण दाखला देतो."
धर्माला कळेना. मी सांगितलं, "अरे, तुला परमिट मिळतंय."
"मना?" मग लेल्यांना, "डॉक्टर, कंची घेऊ?"
लेले माझ्याकडे न बघता, "ते घोसाळकरांना विचारा. प्रकृती उत्तम आहे त्यांची."

शनिवार, ता. ९ डिसेंबर
परवा दुकानात गेलो होतो, परमिट त्याचं, बोट माझं. धर्माने दुकानदाराला दुसरी कुठली दाखवूच दिली नाही. खारवी.

आज तारे स्वच्छ. धर्मा चालणं नको म्हणून टांग्याने आला, बाटली टॉवेलात, परमिट छातीच्या खिशात. माझ्या खुर्चीत बसला. मी समोरच्या. त्याने औषधाच्या मापाने ओतली, चमचाभर पाणी, आणि ग्लास माझ्या नाकासमोर धरला.
"घे. वास घ्याला परमिट लागत नाय."
हा क्षण त्याने किती वर्षं जपून ठेवला होता कोण जाणे. मी वास घेतला. म्हटलं, मसनातून आलेला डॉक्टर. "माजंच मना सांगतंय," म्हणाला.

मग त्याने एका दमात घोट घेतला. तोंड असं झालं! "याच्यासाटी? याच्यापरीस वासच बरा व्हता रं."
मी म्हटलं, गिळू नकोस. थेंबभर घे, जिभेवर ठेव, थांब. डोळे मीट.
डोळे मिटले. थांबला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. मिल्का दारात येऊन उभी होती. आणि एकदम त्याचा चेहरा सैल झाला. डोळे उघडले तेव्हा भरलेले होते.
"रुबेन. मीठ."
मी खुर्ची पुढे ओढली.
"मीठ हाय यात. शेवटाला. तू खरा सांगत व्हतास." परत एक थेंब घेतला. "लेल्याला नको सांगू हां. बंद करंल."

मला रडू आलं, आणि हसूही. मिल्काने दोघांना वेड्यात काढलं.

आता मी हे लिहितोय. ग्लासात तळाशी घोटभर आहे. धर्माने तो मुद्दाम ठेवलाय. "मी वयनीला जरा भाकरीचा इचारतो" म्हणून आत गेला, बाटली आणि परमिट टेबलावर सोडून. आतून त्याचा आवाज येतोय, गरजेपेक्षा मोठा: "नाय वयनी, मना काय घाई नाय."
पनवेलमध्ये माझ्याइतका कायद्याला भिणारा माणूस नाही.

नाक: धूर, टिंक्चर, ओला दोर.
जीभ: