पिस्ता रंगाचे हंस

सणसर, ता. इंदापूर
२६ मे १९९८

तीर्थरूप बुद्धघोषमामांस,

संघपालचा वाकून जय भीम. मामींनाही सांगा, आणि त्यांच्या हातच्या शेंगदाण्याच्या पोळीची मला रोज आठवण येते हेही सांगा. इकडची खुशाली म्हणाल तर आईचा दमा उन्हाळ्यात दबून असतो म्हणून ती बरी आहे, आबांचा गुडघा पावसाची वाट बघतोय, म्हैस गाभण आहे, पिंकी हवेत आहे आणि मी कसा आहे ते पत्राच्या शेवटी कळेल. छापखान्याच्या यंत्रात सापडलेलं तुमचं बोट आता बरं असेल. (ते उजव्या हाताचं की डाव्या, यावरून माझं आणि आईचं भांडण झालं. कळवावे.)

तुमचं पत्र पोचलं. पोस्टमननं ते वेळेवर दिलं होतं, पण मी घरी नव्हतो. शेळगावात एक माणूस तळहातावर नारळ आडवा धरून चालतो आणि नारळ उभा राहील तिथं बोअरला पाणी लागतं असं ऐकलं होतं, ते बघायला गेलो होतो. पत्र माझ्या नावाचं म्हणून आईनं ते कुणाला फोडू दिलं नाही. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही ही तिच्या माहेरची, म्हणजे तुमच्याच घरची शिस्त आहे, तेव्हा यात दोष द्यायचाच तर तो तुमच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला द्यावा लागेल, आणि ते काही बरं दिसणार नाही. मागं मी नुसतं कार्ड टाकलं होतं की हातकामाच्या वस्तूंचे फोटो हिरवट-पिवळे आणि रवाळ येतात, उपाय कळवा. कार्डावर जागा नव्हती. आता पहिल्यापासून सांगतो, कारण मामा, जे घडलंय ते तुम्ही उभ्यानं वाचू नका.

पिंकी बारावीपासून रुखवताच्या वस्तू करते हे तुम्हाला माहीत आहे. लोकरीच्या हंसांची जोडी, थर्माकोलचा बंगला, मण्यांचं तोरण. लग्नात नवरीच्या नावानं मांडतात ते सगळं (आणि निम्म्या नवऱ्या मुलींना सुईत दोरा ओवता येत नाही, पण ते असो). आबांनी तिच्यासाठी लोणी देवकरच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाचा शब्द टाकला, आणि टाकून झाल्यावर घरात सांगितलं. पिंकी म्हणाली, मला माझं काम करायचंय. आबा म्हणाले, लोकांच्या पोरींची लग्नं सजवून कुणाचं पोट भरलंय? दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही, फक्त म्हैस ओरडत होती. शेवटी आईनं मधे पडून तोड काढली: उन्हाळ्याची लग्नं संपेपर्यंत पिंकीला मोकळं सोडायचं. तेवढ्यात एखादी खरी ऑर्डर आली आणि चार लोकांत नीट पार पडली, तर तिचं खरं. नाहीतर एक जूनला डबा घेऊन कारखान्याच्या गाडीत बसायचं.

आता ऑर्डर येणार कशी? हंस काही पिशवीत घालून गावोगाव नेता येत नाहीत. (मी एकदा नेला होता, सायकलीला टांगून. भवानीनगरच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर ओलांडताना त्याची मान ट्रॅक्टरबरोबर गेली.) म्हणून अल्बमची कल्पना माझी. वस्तू पिंकीच्या, फोटो माझे, आणि फिरायचं कामही माझं, कारण ते मला कुणी शिकवावं लागत नाही. इंदापूरच्या रावजी फोटोवाल्याकडं मी महिनाभर कामाला होतो. त्यानं जुना कॅमेरा वापरायला दिला. रोल मी सगळ्यात मोठ्या आकड्याचा घेतला, कारण मोठा आकडा म्हणजे भारी माल असं मला वाटलं. घरात ट्यूबलाइट लावली. लाइट कमी-जास्त होत होती, ट्यूब डोळा मारत होती, पण काम सोडलं नाही. आणि पाठीमागं नुसती भिंत नको म्हणून जयंतीच्या स्टेजला लावतो ते निळं कापड ताणून बांधलं. पुढं पांढरेशुभ्र हंस. मामा, कॅमेऱ्यातनं बघताना माझ्या अंगावर काटा आला होता.

फोटो बारामतीच्या लॅबमधून आले तेव्हा रावजीनं एकेक उचलून बघितला आणि म्हणाला, रवाळ आलेत. मला आनंद झाला. आपल्याकडं तूप रवाळ झालं की बाईचं कौतुक होतं. मग त्यानं सांगितलं की फोटोचं तसं नसतं. हंस पिस्त्याच्या बर्फीसारखे झाले होते आणि त्यांच्या अंगावर बारीक खर उठली होती, गोवराचं पोर असतं तशी. बंगला तर काविळीतून उठल्यासारखा.

तुम्ही पत्रात समजावलंत की मोठ्या आकड्याच्या रोलनं रवा उठतो, ट्यूबच्या उजेडानं हिरवी झाक येते, आणि पाठीमागं एवढं निळं बघून लॅबच्या यंत्राला वाटतं फोटोत निळं फार झालंय, म्हणून ते आपल्या मनानं पिवळं ओततं. हे मला तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं. तेव्हा घरात होती तुमची बहीण. ती म्हणाली, धोतर पिवळं पडलं की नीळ घालतो, फोटो काय आभाळातनं पडलाय? मला ते एकदम पटलं. बादलीत नीळ कालवली आणि फोटो बुडवून दोरीवर चिमटे लावून वाळत घातले. काही पापडासारखे वळले. जे वर्तमानपत्रावर ठेवले ते तिथंच राहिले. बंगल्याच्या छपरावर कांद्याच्या बाजारभावाची बातमी चिकटलीय, ती अजून वाचता येते. पिंकीनं हंसांचा एक फोटो उशीखाली लपवला होता म्हणून तेवढा वाचला, पिस्ताच्या पिस्ता. अल्बममध्ये तो पहिल्या पानावर लावला, बाकीचे वळलेले मागं दाबून बसवले आणि निघालो. निघालो तो थेट लोकांना दाखवायला, पण वाटेत त्या नारळवाल्याचं कळलं.

तो नारळवाला हिंदुरावांच्या रानात चालत होता (उसाची मोठी बागायत, साखर कारखान्याचे सभासद) आणि नारळ काही उभा राहत नव्हता. मी बांधावर बसून वेळ जावा म्हणून अल्बम चाळत होतो. हिंदुरावांच्या मंडळी सिंधुबाई सगळ्यांना चहा घेऊन आल्या आणि माझ्या मागं उभ्या राहिल्या. त्यांच्या माधवीचं लग्न ठरलेलं. त्यांनी अल्बम माझ्या हातातून घेतला आणि पहिल्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "असला रंग मी जल्मात बघितला न्हाय. आन् अंगावर ही साखर कशी पेरली रं?"

मामा, त्या वेळी खरं काय ते सांगायला हवं होतं. मी नुसतं "व्हय" म्हणालो. प्रश्नाला ते उत्तरही नव्हतं, पण त्यांना चाललं. म्हणाल्या, हीच जोडी, ह्याच रंगाची, अशीच साखर पेरलेली. रंगात फरक पडला तर भर मांडवात बोलून दाखवीन. आणि फोटो अल्बममधून काढून चोळीत खोचला. तेवढ्यात तिकडं नारळ उभा राहिला. (पाणी लागलं नाही.)

घरी येऊन मी उड्या मारतच ऑर्डर सांगितली. पिंकीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, तू हंस इकला न्हाईस. रोग इकलास."

पण ती रडत बसणारी नाही. फोटोला रंग लागला म्हणून आता हंसांना तोच लावायचा, एवढंच. बारामतीत दुकानोदुकान हिंडलो, तो पिस्ता कुठल्याच लोकरीत नाही, कारण तो जगात फक्त त्या फोटोतच होता. रावजीकडून दुसरी प्रत काढायला दिली तर हंस गुलाबी आले. लॅबवाल्यानं विचारलं, कुठला पाहिजे तो सांगा. मग पिंकीनं पांढरी लोकर हळदीत उकळली आणि आईची उरलेली नीळ थोडी थोडी घातली. धागा जमलाय की नाही हे बघायला फोटो शेळगावात, म्हणून मी खिशात धागे घालून सायकलीवर जायचो आणि सिंधुबाईंना म्हणायचो, पाणी प्यायला आलो. शेवटी शेवटी त्यांनी मला डॉक्टरला दाखवायला सांगितलं, एवढी तहान बरी नाही म्हणाल्या. त्याच वेळी त्यांनी फोटो बारामतीला नेऊन त्याच रंगाची साडी घेतल्याचं कळलं आणि माझ्या घशाला खरीच कोरड पडली.

राहिली साखर. पिंकी म्हणाली, रवाळ म्हणतोस तर रवा लाव. खळ लावून हंसांवर बारीक रवा थापला. फोटोत होतं हुबेहूब तसं दिसलं, मी तर टाळ्या वाजवल्या. वाळायला अंगणात ठेवले आणि आम्ही जेवायला बसलो. बाहेर आलो तेव्हा कोंबड्या एका हंसाच्या मानेपर्यंत पोचल्या होत्या. त्या कोंबड्या अजून पिस्ता रंगाचं शिटतात असं आबा म्हणतात, पण ते मला बोलायचं म्हणून म्हणत असतील. मग नीरेतली वाळू आणली, धुतली, जुन्या धोतरातून चाळली आणि ती लावली. वाळू कुणी खात नाही.

परवा रविवारी लग्न लागलं. आबा सामान उतरवायला म्हणून टेम्पोत आले, पण ते निकाल बघायला आले होते हे आम्हा दोघांना कळत होतं. मांडवात मेजावर रुखवत मांडलं, हंस मधोमध. भर दुपार, वर मांडवाचं गुलाबी कापड, आणि खाली सगळं गुलाबी. भटजी गुलाबी, लाडू गुलाबी. सिंधुबाई आल्या. चोळीतनं फोटो काढला. हंसांकडं बघितलं, फोटोकडं बघितलं आणि सगळ्या बायका मागं वळतील अशा आवाजात म्हणाल्या, "पिंके, ह्ये काय गं? राख फासल्यागत दिसतंय."

मी बघितलं. खरंच, मामा. त्या गुलाबी उजेडात आमचा पिस्ता पार पुसला गेला होता. एवढी हळद, एवढी नीळ, एवढं पाणी पिऊन हंस परत मळके पांढरे. पिंकी जागची हलली नाही, हातातला टाचणीचा डबा तेवढा घट्ट धरला. आबांनी तोंड फिरवलं. मी टेम्पो कुठं उभा आहे ते बघून ठेवलं.

सिंधुबाई आणखी काहीतरी बोलणार होत्या. तेवढ्यात फोटो परत खोचायला त्यांनी मान खाली घातली आणि नजर स्वतःच्या पदरावर गेली. नवी कोरी साडी, त्याच पिस्त्याची, तीही राखेत घातल्यासारखी. त्यांनी पदर हातात घेऊन उलटा करून बघितला, मग हंसांकडं बघितलं, मग वर बघितलं.

"गेणबा," त्या मांडववाल्याला म्हणाल्या, "माझी साडी खाल्लीस तू."

गेणबानं आठवण दिली की कापड गुलाबीच पाहिजे असं वहिनींनीच सांगितलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, गुलाबी सांगितलं हुतं, राखुंडीचं न्हाय, आणि पहिलं ते काढ. गेणबा शिडी लावून चढला आणि रुखवतावरचा एक पट्टा सोडवला. ऊन सरळ खाली आलं. हंस हिरवेगार उजळले आणि अंगावरची वाळू अशी चमकली की शूटिंगवाला नवरदेवाला सोडून इकडं वळला. सिंधुबाई मुद्दाम त्या उन्हात हंसांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि अक्षता पडायच्या वेळेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. बायकांची रीघ लागली. निघेपर्यंत पिंकीला आणखी तीन ऑर्डरी मिळाल्या. परतताना टेम्पोत आबांनी बोटाला लागलेली वाळू चोळून बघितली. मग म्हणाले, "आता वाळू चाळायला कायमचा माणूस बघाय पायजे." पिंकी तोंडाला पदर लावून रडत होती की हसत होती ते अंधारात कळलं नाही.

असा सगळा आनंद आहे. आईचा तुम्हाला आशीर्वाद, मामींना नमस्कार, पोरांना माझ्याकडून एकेक टपली.

तुमचा भाचा,
संघपाल

ता. क. तुमच्या पत्राप्रमाणे मी मधल्या आठवड्यात जुन्या पांढऱ्या जोडीचे फोटो काढले. लहान आकड्याचा रोल, मागं पांढरी चादर, सकाळची सावली, ट्यूब बंद. फोटो सोबत पाठवतोय. धागा न् धागा दिसतो, रंग जसाच्या तसा, रवा नावाला नाही. लग्नात मी तो दाखवला तर बायका म्हणाल्या, हे साधं हाय व्हय, साखरंचं दाखव. तेव्हा तुमचा उपाय शंभर टक्के बरोबर आहे आणि तीच अडचण झाली आहे. तुमच्या ओळखीत फोटो खात्रीनं बिघडवणारा कुणी असेल तर त्याचा पत्ता कळवावा.

ता. क. दुसरं. खरं काम हे आहे. आबांनी कारखान्यात शब्द टाकलाय आणि शब्द टाकला की माणूस द्यावा लागतो. पिंकी सुटली, घरात दुसरा माणूस मीच. सोमवारी एक जून. मामा, मला एका जागी उभं राहून खोकी भरणं जमणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा पत्र मिळताच आबांना लिहा की छापखान्यात संघपालची फार निकड आहे, ताबडतोब पाठवा. निकड कशाची ते लिहू नका, आबा विचारतील. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

ता. क. तिसरं. मामा, पिंकीचा जय भीम. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं, आईला सांगू नका. दादाला बोलावू नका. आबा कालच कारखान्यात जाऊन माणूस मिळत नाही असं सांगून आलेत. अल्बम घेऊन गावोगाव फिरायला मला दादा लागणार आहे, तेवढं एकच काम तो मन लावून करतो, हे मी आबांना पटवलंय. पांढऱ्या हंसांचा फोटो तुमच्याकडंच जपून ठेवा, माझं काम खरं कसं दिसतं ते घरच्या एकाला तरी माहीत असावं. दादाला मी सोमवारी सकाळी सांगेन. तोवर राहू दे. कारखान्याच्या भीतीनं तो पहाटेपासून कुणी न सांगता वाळू चाळतोय, आणि इतकी बारीक वाळू मला अजून कुणी दिली नव्हती.