तळ्याकाठचा फोटो

बफेलो, ४ मार्च २०१४

ती. व्हर्नाआत्यास सा. न. वि. वि.

आई गेल्यापासून घर खायला उठतं. तिच्या कपाटात बाबांच्या राखेचा डबा सापडला. वीस वर्षं बिचारे कोटांमागे बसून होते! आता त्यांना मोकळं करायचंय, तुमच्या गावाजवळच्या त्या तळ्यात. माझ्याकडच्या जुन्या फोटोत मी त्यांच्या कडेवर आहे, मागे तळं आणि धबधबा. मी पाण्याकडे झेपावले तर म्हणाले होते, गार आहे गं, सर्दी होईल. त्यांची तेवढी एकच आठवण आहे मला. नकाशात ते तळं काही सापडत नाही. कुठे आहे, लगेच कळव.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
लोर्ना

टॅमरॅक, ११ मार्च

चि. लोर्नास अनेक आशीर्वाद.

तळं नाहीच गं, पोरी. ती भिंत होती. इथल्या तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत कैद्यांनीच रंगवलेली. भेटीला आलेली माणसं तिच्यापुढे उभी राहून फोटो काढायची. बाबा इकडे लाकूडतोडीच्या नोकरीवर आहेत वगैरे सगळं तुझ्या आईनं रचलं; तुझ्या बाबानं, डॅरिलनंच तशी गळ घातली होती. माझ्या मूर्ख भावानं दरोडेखोरांची गाडी चालवली, आणि शेवटी आतच न्यूमोनियानं गेला.

आधी ते क्षयाचं इस्पितळ होतं, मग तुरुंग. आमचं अर्धं गाव त्याच्यावर जेवलं. तीन वर्षांपूर्वी कुलूप लागलं, तरी संध्याकाळी कैद्यांच्या मोजणीचा भोंगा मला अजून ऐकू येतो. शेजारीण म्हणते, कान तपासून घे. मेलीला काय कळतंय! पुढच्या महिन्यात पाडणार आहेत. जाऊ नकोस तिथे, माझं ऐक.

राग धर हवा तर, पण माया तोडू नकोस.
तुझी आत्या

बफेलो, २४ मार्च

ती. आत्यास सा. न.

तू नको म्हणालीस म्हणूनच गेले. डॅरिलचीच लेक मी! पहारेकरी म्हणजे तिथलाच एक जुना रक्षक. हातापाया पडले तेव्हा त्यानं आत सोडलं. छत गळतंय, त्या रंगवलेल्या धबधब्यावरून खरंच पाणी ओघळत होतं. समोरची फरशी एका जागी पार झिजलीय. तिथे उभी राहिले आणि हुंदका आवरेना. राख तिथेच सोडायची ठरवलं होतं, पण हात धजेना. इतकी वर्षं आत काढली त्यांनी, आता पुन्हा मीच कोंडू? डब्याची पिशवी खांद्याला लावली आणि निघाले.

फाटकाला कुलूप घालताना म्हातारा सवयीनं मोजत पुटपुटला, दोघं बाहेर. अगं, मी एकटीच होते, आणि डब्याबद्दल त्याला अवाक्षर सांगितलं नव्हतं. मागे वळून बघायची छाती झाली नाही. पण खरं सांगू? बरंही वाटलं.

रविवारी येते. लोभ आहेच, ताटं मात्र तीन मांड.

तुझी लोर्ना