लघाट्यांच्या विहिरीतील जांभळे तंतू

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
अतिसूक्ष्म कण व जलशुद्धी संशोधन प्रकल्प,
झाशी.

विषय: ओरछा गेट येथील विहीर सोमवारी काँक्रीटने बंद न करणे व पाण्याची फेरतपासणी करणे.

संदर्भ: विहिरीच्या कठड्यावर चिकटवलेली आपली नोटीस, दि. ९ जून २०२५.

महोदय,

सदर विहीर अर्जदार सिंधू लघाटे, वय ७१, हिच्या अंगणात आहे. गल्लीतील नऊ घरे या विहिरीवर पाणी भरतात, कारण नळ एक दिवसाआड येतो. हिंदीतील दोन अर्ज आपल्या कार्यालयात गहाळ झाले. साहेब मूळचे अमरावतीचे असे कळल्याने हा मराठीत दिला आहे. तो साहेबांखेरीज कोणाला वाचता येणार नाही, म्हणजे पोहोचेल.

१. २२ मार्च रोजी, जलदिनी, प्रकल्पाने घरोघरी पाणी गाळण्यासाठी जांभळे फडके वाटले. त्यावर 'प्लास्टिकमुक्त जल' असे छापलेले होते. लघाट्यांकडे पिण्याचे पाणी पूर्वीपासून सुती पंच्याच्या चार पदरांतून घागरीत गाळतात. परंतु सरकारी वस्तूचा मान राखावा म्हणून अर्जदाराने पंचा बाजूला ठेवला. फडके टेरिलिनचे, म्हणजे प्लास्टिकच्याच धाग्याचे आहे, हे तिच्या हाताला कळले होते. संशोधकांना ते कळले नसेल, असे मात्र तिच्या मनातही आले नाही.

२. एप्रिलमध्ये आपले संशोधक कौशिकजी नमुना घ्यायला आले. त्यांना रहाटावरून बादली ओढता येईना. दोनदा दोर सुटल्यावर ते म्हणाले, "अम्माजी, इसी में से दे दीजिए," आणि गाळलेल्या घागरीतले पाणी भरून बाटलीवर 'विहीर' असे लिहून घेऊन गेले. अहवालात लिटरमागे ३१२ प्लास्टिकचे तंतू निघाले. रंग जांभळा. शेजारच्या माधुरीने विचारले, "भैया, हमारा कुआँ कब से बैंगनी पहनने लगा?" त्यावर हा नॅनोचा विषय असून डोळ्यांना समजणार नाही, असे उत्तर मिळाले.

३. मे महिन्यात विहिरीवर एक डबा बसवला. त्यातील काळी पूड चुंबकाने प्लास्टिक ओढून घेते म्हणतात. अर्जदाराचा विज्ञानाला विरोध नाही. नेमके त्याच दिवशी माकडाने फडके पळवले व अर्जदार पुन्हा पंच्याकडे वळली. नमुने घागरीतूनच जात होते. तंतू शून्यावर आले. डब्याच्या या यशावर साहेबांनी लखनौला निबंध वाचला. हार घातलेला फोटो पाहून गल्लीला आनंद झाला. फक्त त्या आठ दिवसांत डबा बंद होता. कौशिकजींनी मोबाइल चार्ज करायला त्याचा प्लग काढला होता, तो परत लावायचा राहिला.

४. नवव्या दिवशी फडके माधुरीच्या गच्चीवर सापडले. अर्जदाराने ते धुवून घागरीवर बांधले आणि तंतू परत आले. यावरून प्रकल्पाने निष्कर्ष काढला की डबा उत्तम आहे आणि विहीर दोषी आहे. म्हणून झाकण.

तरी नम्र विनंती की साहेबांनी सोमवारपूर्वी स्वतः यावे व फडक्याविना एक बादली थेट विहिरीतून काढून तपासावी. दोर अर्जदार धरेल. फडके व पंचा दोन्ही सोबत जोडले आहेत. पंचा परत मिळावा.

५. शेवटचे. नोटिशीसोबतच्या संमतिपत्रावर 'विहीर बंद करण्यास हरकत नाही' असे असून खाली अर्जदाराचे नाव व अंगठा आहे. अर्जदार चौसष्टाव्या वर्षी नात तन्वीच्या पाटीवर अक्षरे शिकली. त्या दिवसापासून तिने कोणत्याही कागदावर अंगठा उठवलेला नाही. सही करते, वेळ लागतो, पण करते. तेव्हा हा अंगठा कोणाचा, ते शोधून लेखी कळवावे. आपल्या यंत्राला केसाच्या हजाराव्या भागाएवढा कण सापडतो. अंगठा त्याहून पुष्कळ मोठा असतो.

सोमवारपर्यंत विहिरीपाशीच भेटेल अशी,
आपली नम्र,

(सही)
सिंधू यज्ञेश्वर लघाटे
ओरछा गेट, झाशी
दि. १२ जून २०२५