ओल्या नावेचं वजन

बाबा, परवा साकोलीच्या रस्त्यावर एका गाडीमागे ट्रेलरवर बोट जाताना पाहिली आणि पुन्हा तुमचाच राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. मी नोकरीतून निवृत्त झाले, राग नाही झाला.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा उन्हाळा असेल. तुम्ही ऑफिसच्या जीपचे ड्रायव्हर. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटातून सुटीवर भंडाऱ्याला आलेली. पुराच्या बंदोबस्तासाठी ऑफिसची लाकडी नाव पवनीला पोचवायची होती आणि त्यासाठी नवा दोन चाकी ट्रेलर आला होता. आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडते आहे, आणि तुम्ही जीपचं इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे ठेवता. "माय, हे जीप किती वजन ओढते, पाहून सांग. मले तर यातली चित्रंच समजतात." मी वाचते: ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर मालासकट सहाशे किलो, पुढे नाही. नाव तुम्ही राइस मिलच्या काट्यावर तोलून आणली होती, साडेतीनशे. ट्रेलर बिनब्रेकचा, दोनशे. "पन्नास किलो शिल्लक राहतात. खुशाल न्या," मी ऐटीत सांगितलं.

मग रीतीप्रमाणे ढिवरांनी, म्हणजे तिथल्या मासेमारांनी, ती नाव आठ दिवस तलावात बुडवून ठेवली. उन्हाने आकसलेल्या फळ्या फुगल्या की फटी मिटतात. नाव वर निघाली आणि साहेबांचा हुकूम आला, आजच हलवा. पवनीला नदीच्या घाटाच्या उतारावर तुम्ही ब्रेक दाबला, पण मागचं वजन जीपला ढकलतच राहिलं. ट्रेलर आडवा फिरला आणि सोबत चालणाऱ्या म्हाताऱ्या ढिवराचा पाय चाकाखाली आला.

दुसऱ्या दिवशी मी तुमचा डबा घेऊन ऑफिसच्या व्हरांड्यात उभी होते. साहेब सगळ्यांदेखत ओरडले, "आजवर बैलगाडी हाकत होतास का रे?" वयाने तुमच्याहून लहान माणूस! आणि तुम्ही काय म्हणालात? "चूक माझीच, साहेब." हुकूम कोणाचा होता, ते काहून नाही सांगितलं? दवाखान्यातल्या खाटेवरून तो म्हातारा तरी खरं बोलला, "डायवरभाऊ, नाव पानी पिऊन होती ना जी. तुमी का करान?" पाय गेलेल्या माणसाला जे कळलं, ते खुर्चीवरच्याला कळलं नाही. तुम्हाला गोदामावर बसवलं. शेवटपर्यंत स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. जीप आवारात शिरली की तुम्ही तिच्या आवाजावरून, न पाहता, कोणता गिअर चुकीचा पडला ते सांगायचात, आणि पुन्हा खिळ्यांची पेटी उघडायचात.

ही हकीकत मी शंभर जणांना सांगितली असेल, साहेबांचा उद्धार करत. एक गोष्ट मात्र दरवेळी गाळली. नाव ट्रेलरवर चढवली, त्या सकाळी तुम्ही घरी आला होतात. दारातूनच विचारलंत, "माय, नाव ओली हाय. मिलीत नेऊन पुन्हा तोलू का?" मी वेणी घालत होते. वळूनही पाहिलं नाही. म्हणाले, "हिशेब मी केलाय, बाबा. तुम्ही फक्त गाडी चालवा." तुम्ही हसलात, अभिमानानेच हसलात, आणि काट्यावर न जाता निघालात.

तुम्ही माझं नाव कधी घेतलं नाही. मीही नाही घेतलं. हा कागद मी घडी करून ठेवते आहे. मोठ्याने वाचून पाहिला, तर त्या सकाळच्या ओळी पुन्हा गाळल्या.