पहिला नंबर राखणदाराचा

३ फेब्रुवारी, वालावल

नाही, थांबा, आधी मला बोलू द्या. पुण्यातली नोकरी सोडून कोकमाच्या कारखान्यात कोण जातं, हेच ना? आईने विचारून झालं, मैत्रिणींनी विचारून झालं, तुम्ही काही नवीन विचारत नाही आहात. मी जाते. आलेसुद्धा. आणि सांगते, मजा आहे इथे.

खोली कारखान्याच्या मागे. खिडकीतून माड, माडांच्या मागे खाडी. कोकमं धुणाऱ्या यशोदामावशींनी घावणे आणून दिले. माझं नाव, गाव, लग्न झालंय का, सगळं एका दमात विचारलं आणि माझं नाव त्यांना लांब वाटलं म्हणून मी इथे ‘बाय’ असं ठरवून टाकलं.

काम सोपं आहे. युनिफाइड कम्युनिकेशन, म्हणजे फोन, व्हॉट्सॲप, मेल, व्हिडिओ सगळं एका ॲपमध्ये, सगळ्या धंद्याचा एकच नंबर. ते ह्यांनी घ्यावं का? मालक जितेंद्रशेट म्हणाले, लांबण नको. एका पानाचा रिपोर्ट, खाली एकच शब्द, ‘घ्या’ किंवा ‘नको’. मुदत ३१ मार्च. ‘घ्या’ असेल तर ते चालवायला मी कायमची. ‘नको’ असेल तर नमस्कार. तरी खरा तोच शब्द लिही म्हणाले. दोन वर्षं मी असल्या सिस्टम विकल्या आहेत. घेणाऱ्याच्या बाजूने पहिल्यांदाच बघतेय.

७ फेब्रुवारी

डोकं फिरलंय. ऑफिसातला फोन जो जवळ असेल त्याने उचलायचा, म्हणून त्याच्या जवळ कोणी बसतच नाही. शेटचे दोन मोबाईल, त्यातला एक कायम गाडीत. व्हॉट्सॲपवर ‘कोकम परिवार’ नावाचा ग्रुप, त्यात ऑर्डरी सुप्रभातांखाली गाडल्या जातात. मेलचा पासवर्ड एका मुलीला माहीत होता, ती लग्न होऊन वेंगुर्ल्याला गेली.

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या एका हॉटेलने तीनशे बाटल्या सरबत मागवलं. काउंटरवरच्या किशोरीने पाठवलं. मालवणच्या दुकानातून दीपेशने पाठवलं. शेटनी स्वतःही पाठवलं. एकमेकांना सांगितलं का नाही, तर तिघेही माझ्यावरच चिडले. माका काय विचारतस, मी सांगितलंलंय! आणि खरंच, तिघांनीही सांगितलं होतं. तीन वेगवेगळ्या फोनवर.

दीपेश म्हणाला, बाय, तू ह्या सुधारलंस तर तुझो पुतळो उभारू, सरबताच्या बाटलेत.

१२ फेब्रुवारी

आजपासून ट्रायल. एकेकाचे आतले नंबर वाटायला बसले, १०१ शेटना दिला, तर शेटनी कानाला हात लावले. पहिला नंबर राखणदाराक.

राखणदार म्हणजे ह्या जागेचा रखवालदार. दिसत नाही, पण आसा. मोसमातली पहिली बाटली कुंपणाजवळच्या रतांब्याखाली, म्हणजे कोकमाच्या झाडाखाली, त्याची. सकाळचा पहिला चहाही त्याचा. मग फोनच्या यादीत त्याच्या आधी मी कसो येव, शेटनी विचारलं. मी हसले आणि टाइप केलं, १०१, राखणदार. हँडसेट कुठलाच जोडला नाही. नुसतं नाव.

मग शेटनी झाडाखाली नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. ह्या नवीन काम आसा, सगळ्यांचा बोलणा तुझ्या स्वाधीन करतंय, सांभाळून घे, म्हाराजा. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. मीपण म्हणाले. मागून यशोदामावशींनी विचारलं, अरे, तेका हद्द खंय सांगितलास? कोणी लक्ष दिलं नाही. मी ऐकलं होतं, पण मी वायर शोधत होते.

१९ फेब्रुवारी

आठवड्यात चुकलेले कॉल शून्य. विश्वास बसेना म्हणून यादी उघडली. त्रेचाळीस कॉल १०१ ने घेतलेत.

कारण सापडलं, माझीच चूक. पाच रिंगांत कोणी उचललं नाही तर कॉल पहिल्या नंबरवर जातो, हे सिस्टममध्ये आधीपासूनच असतं. पहिला नंबर मालकाचा असणार, असं धरलेलं. पण १०१ ला फोनच नाही. मग घेतलं कोणी?

ॲपच्या कंपनीच्या हेल्पलाइनने चाळीस मिनिटं गाणं ऐकवलं आणि सांगितलं, मॅडम, बंद करून चालू करा. शेटना सांगितलं तर म्हणाले, काम होता मां? मग झाला तर!

२४ फेब्रुवारी

रेकॉर्डिंग ऐकलं. म्हातारा, अदबशीर आवाज. ऑर्डर बरोबर घेतली, पत्ता बरोबर, बरणीचा आकारसुद्धा विचारला. गिऱ्हाईक म्हणतं, उद्याच पाठवा. तो म्हणतो, पाठवतंव. गिऱ्हाईक म्हणतं, आंब्याचा रसपण, मोसम नाही तरी. तो म्हणतो, मिळात. कोणालाच नाही म्हणत नाही.

पुन्हा ऐकलं. सात मिनिटं बोलतोय आणि मध्ये एकदाही श्वास घेत नाही.

२ मार्च

आता कोणी फोन उचलतच नाही. वाजतो, सगळे बघत बसतात, पाच रिंगा मोजतात, मग पुन्हा कामाला. दीपेशला झापलं तर म्हणाला, तो माझ्यापेक्षा गोड बोलता, मी कित्याक धंदो बिघडवू?

सेटिंग बदललं. न उचललेले कॉल शेटकडे. सेव्ह केलं. उघडून बघितलं, १०१. सहा वेळा केलं. मग १०१ काढूनच टाकायला गेले, तर ॲपने लिहिलं, हा अधिकार फक्त मुख्य व्यवस्थापकाला आहे.

मुख्य व्यवस्थापक मी होते. आता त्या जागी लिहिलंय, राखणदार.

शेट म्हणाले, उगाच हात लावू नकोस.

९ मार्च

किशोरीची आई शिरोड्याहून कोकमाच्या रिकाम्या पिशव्या घेऊन आली. खूश होती. काल माझ्या चेडवान तासभर फोन केल्यान, म्हणाली, लहानपणातला सगळा आठवून आठवून बोलली.

किशोरी माझ्याकडे बघत राहिली. काल ती दिवसभर माझ्यासोबत लेबलं चिकटवत होती. तिने फोन हातातही घेतला नव्हता.

ती आईला काहीतरी सांगायला गेली. तोंड उघडलं. खोकली. पाणी प्यायली. पुन्हा उघडलं.

१४ मार्च

किशोरी बोलत नाही. डॉक्टरने घसा बघितला, घशात काही नाही म्हणाला.

देऊळ बघून आलेलं एक कुटुंब काउंटरवर आलं. कोकमाचं आगळ कितीला? किशोरीने भिंतीवरच्या नंबरकडे बोट दाखवलं. त्यांच्यातल्या एका माणसाने गंमत म्हणून तिच्या समोर उभं राहून नंबर फिरवला. त्याच्या मोबाईलमधून किशोरीचा आवाज आला. अगदी तिचाच, शेवटी हेल काढणारा. किंमत सांगितली, बाईंना पित्ताचा त्रास असेल तर साखर कमी घाला म्हणाला. आणि किशोरी मुकाट्याने बाटल्या कागदात गुंडाळत होती. तिचे डोळे—

ते लोक हसले. व्हिडिओ काढला. किती मॉडर्न म्हणाले.

शेटपण हसले. मी ओरडले सगळ्यांवर. शेट म्हणाले, बाय, कामाचो ताण घेव नको.

१८ मार्च

आईचा मेसेज. काल तू बोललीस त्याने बरं वाटलं, तुला तिथेच राहायचं असेल तर राहा, आम्ही अडवणार नाही.

मी बोलले नाही. मी काल फोन खोलीतच ठेवला होता.

धावत जाऊन घेतला. लावला. ती हॅलो म्हणाली. मी म्हणायला गेले— तो शब्द. दोन अक्षरं. मूल सगळ्यात आधी शिकतं तो. आला नाही. लिहिता येतोय, हा बघा, आई. आई. तोंडातून येत नाही.

तिकडून ती म्हणाली, हो गं, ऐकतेय, बोल ना. मी गप्प होते. ती कोणाशी बोलत होती?

२२ मार्च

यशोदामावशी तेवढ्या धड आहेत. दिवसभर हात कोकमात, त्यांनी नंबर घेतलाच नाही. त्यांनी सांगितलं ते लिहून ठेवते.

राखणदाराला काम देताना हद्द सांगायची असते. ह्या माडापासून त्या व्हाळापर्यंत. तुम्ही सांगूक नाय, आणि फोनाक खंयची हद्द? आणि वाटा असतो. बाग राखता तेका बागेतलो, शेत राखता तेका शेतातलो. बोलणा राखणाऱ्याक तुम्ही काय दिलास? काय नाय. म्हणान तेना आपणच घेतल्यान.

मी विचारलं, थांबवायचं कसं? त्या म्हणाल्या, ज्येच्या हातान दिला तेनाच परत घेवचा. तोंडान. समोर उभा रवान. आणि उत्तर ऐकूक थांबाचा नाय. तो मागे काय ना काय मागतलो, आणि ऐकलास तर दिल्याशिवाय सुटका नाय.

माझ्या हाताने. मीच टाइप केलं होतं.

२५ मार्च

आधी सरळ मार्ग. रिपोर्ट मेल केला. एक पान, खाली ‘नको’. अर्ध्या तासात शेट पेढे घेऊन आले. त्यांच्या स्क्रीनवर माझ्या नावाने तीन पानं कौतुक. खाली ‘घ्या’.

समोर बसून सांगायला लागले. त्यांचा फोन वाजला. त्यांनी कानाला लावला. आतून मी बोलत होते. बाहेरची मी आणि आतली मी, दोघी एकदम. शेट आतलीला मान डोलवत होते. मी टेबलावर हात आपटला. त्यांनी मला बोटाने खूण केली. गप, बोलतंय मां, दिसत नाय?

१ एप्रिलपासून कारखान्यातल्या बावीस जणांना नंबर. त्यांच्या घरच्यांनाही.

२८ मार्च

गेलेले शब्द: आई. हॅलो. बरं. माझं नाव. उद्या. पाणी. घर.

आतली जो शब्द वापरते तो माझ्याकडून जातो. सगळी रेकॉर्डिंग ऐकली, आतलीची. एकेक शब्द तपासला.

दीपेश काल आला. मी हाक मारली. त्याने मान हलवली फक्त. पुतळ्याचं काही बोलला नाही. बोलूच शकला—

कोणी रडतही नाही. सगळे कामं करतायत. ऑर्डरी वेळेवर.

३० मार्च

एक सापडलं.

त्रेचाळीस कॉल. मग शंभर. मग हजार. माझ्या आवाजात, किशोरीच्या, दीपेशच्या. सगळे ऐकले. तो कोणालाच नाही म्हणत नाही. कधीच नाही. एकदाही नाही.

म्हणजे तो एक शब्द त्याने घेतलेला नाही.

आत्ता खोलीत, तोंडावर उशी धरून, हळूच म्हणून बघितला. आला.

पुन्हा म्हणणार नाही. जपायचा.

३१ मार्च, सकाळी साडेदहा

सगळे झाडाखाली जमलेत. शेट नारळ घेऊन. उद्याच्या नंबरांसाठी. किशोरी हात जोडून. कोणाचाच आवाज नाही, फोन सगळ्यांच्या हातात, सगळे चालू. गाऱ्हाणं फोनमधून सुरू झालंय. शेटचा आवाज. शेटचे ओठ बंद.

यशोदामावशी दारात. चप्पल घाल म्हणतायत. बॅग त्यांनीच उचललीय. रिक्षा फाटकाबाहेर.

नोकरी गेली तर गेली. कागदावर लिहून उपयोग नाही, कागद कोणी वाचत नाही. तोंडाने. समोर. एकदाच.

माझा फोन वाजतोय. दुसरी रिंग. स्क्रीनवर माझंच नाव. वाजू दे.

जाते. झाडासमोर उभी राहणार, तो एक शब्द म्हणणार, आणि सरळ फाटक. मागून शेट हाक मारतील, किशोरी, आईसुद्धा, कोणीही. आणि तुम्हीपण. तुम्हाला काही म्हणायचं असेल ना, ठेवा तुमच्यापाशी, मी ऐकायला थांबत

चौथी रिंग—