हाताला काही लागत नाही

मंगळवार, ७ मार्च

कालचं चुकलं. काल लिहिलं, बाबा म्हणाले "स्टिअरिंग फार हलकं आहे." तसं ते म्हणालेच नव्हते. म्हणाले, "हाताला काही लागत नाही." हलकं हा शब्द माझा. कालचं खोडत नाही. चुकलं तर खोडायचं नाही, खाली बरोबर लिहायचं – बाबांनीच शिकवलंय.

गाडी नर्सबाईंची. म्हणजे त्यांच्या यजमानांची होती, ते गेले. गाडी माझ्या आईपेक्षा जुनी. बाईंच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, जुनं स्टिअरिंग ओढवत नाही, म्हणून आम्ही तिला पॉवर स्टिअरिंग बसवलं. बसलं छान. पण पंप नव्या गाडीचा, जोर जास्त. एका बोटाने फिरतं, रस्ता कळत नाही. त्याला उपाय आहे: पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये पातळ वॉशर घालायचा. तेलाचा दाब उतरतो, स्टिअरिंगला वजन येतं. आज एक घातला.

मी फेरी मारली. मस्त! खड्डा तळहातात कळतो, वळण संपलं की चाक आपणहून सरळ येतं.

बाबा फेरी मारून आले. "मेलेलंच आहे. अजून एक घाल."

बुधवार, ८ मार्च

दुसरा घातला. "नाही." तिसरा. "नाही गं."

माझंच कुठेतरी चुकत असणार. बाबांचा हात चुकत नाही. मला शाळेत उशिरा घातलं, त्याआधीची माझी शाळा म्हणजे हे गॅरेज. अक्षरं आईने शिकवली, आकडे बाबांनी – पान्यांवर. "डोळे मीट. हातात काय आहे? कितीचा?" मी बोटाने पान्याचं तोंड चाचपून सांगायची: दहा-अकराचा! मग बाबा डोळे मिटायचे आणि मी पाना द्यायची. ते चाचपायचेसुद्धा नाहीत. पाना तळव्यावर टेकला की आकडा.

पंप पुन्हा खोलला. सगळं साफ आहे. माझी चूक सापडत नाही, आणि तेच जास्त वाईट.

शुक्रवार, १० मार्च

नर्सबाई आल्या. गाडी वळवायला गेल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. खांदा धरून म्हणाल्या, "अहो, मला गाडी चालवायची आहे, रहाट नाही ओढायचा!"

बाबा हसले. "बाई, जड आहे म्हणून खरं बोलतं तरी. हलकं स्टिअरिंग म्हणजे गोडबोल्या माणूस. कुठे नेऊन सोडेल, पत्ता लागत नाही."

"माझे यजमान असंच म्हणायचे," बाई म्हणाल्या, "आणि दर वळणावर शिव्या द्यायचे."

सगळे हसले. बाई गेल्यावर बाबा मला म्हणाले, "चौथा घाल."

शनिवार, ११ मार्च

मी आज बाबांशी खोटं बोलले.

चौथा घातलाच नाही. उलट पहिला तेवढा ठेवला, बाकीचे दोन काढले. आणि सांगितलं, "घातला." बाईंचा खांदा डोळ्यासमोर होता – पण ते निमित्त. खरं म्हणजे मला बघायचं होतं. आपल्याच बापाची परीक्षा!

बाबा फेरी मारून आले. काच खाली केली. चेहरा खुललेला. "आता बोलायला लागली बघ! तुझ्या हाताला गुण आहे."

काढलेले दोन वॉशर मी खिशातच ठेवले.

सोमवार, १३ मार्च

बाबांच्या शेजारी बसून गेले. बाजारापर्यंत आणि परत.

निघताना स्टिअरिंगची आडवी दांडी सरळ होती. परतीच्या वाटेवर ती हळूहळू उजवीकडे कलायला लागली. गाडी डावीकडे ओढत होती, मला बसल्या जागी कळत होतं. बाबा गप्पा मारत होते. "बघ कशी सुतासारखी सरळ चालते." आणि दांडी तिरकी! उतरून पाहिलं, पुढच्या डाव्या चाकात हवाच नव्हती. खिळा.

म्हणजे रस्ता त्यांना दिसत होता, तेवढ्यावर ते गाडी सरळ ठेवत होते. बाबा डोळ्यांनी गाडी चालवतात. हातांना काहीच कळत नाही.

आणि मी आठवडाभर पंप खोलत बसले.

मंगळवार, १४ मार्च

आज बाबा एकाच पायात चप्पल घालून गॅरेजभर फिरले. दुसरी दारात पडलेली. त्यांना पत्ताच नाही.

बुधवार, १५ मार्च

"रविवारी गाडी द्यायची," बाबा म्हणाले. बाईंची बहीण डोंगराच्या पायथ्याशी राहते. बाईंना शेजारी बसवून बाबा गाडी तिथवर नेणार. नऊ वळणांचा उतार. "बाईंना दाखवतो, आपलं काम काय आहे ते."

मी म्हटलं, "मी चालवते ना."

"का? म्हातारा झालो?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

उतारावर एखादं चाक असंच बसलं तर? डोळ्यांना कळेपर्यंत गाडी कठड्यापलीकडे. दोघंही. बाईंनी तर विश्वासाने गाडी आपल्याकडे दिली. आणि गप्प राहिले तर ते माझ्याच हातून झालेलं असेल.

तरी तोंड उघडलं नाही.

गुरुवार, १६ मार्च

आईला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली. म्हणाली, "थंडी सुरू झाल्यापासून शर्टाची बटणं मीच लावते त्यांची."

डॉक्टर?

"जाऊन आलो. गेलेलं परत येत नाही म्हणाले." मग आवाज बारीक करून, "त्यांना कळत नाही असं समजू नकोस. सगळं कळतं. तू बोलू नकोस गं. हातच गेले म्हटलं तर त्यांच्याजवळ उरलं काय?"

म्हणजे हे त्यांना ठाऊक आहे. ठाऊक असून रविवारी निघालेत!

शनिवार, १८ मार्च. शटर वर करायच्या आधी. आधी गाडीची किल्ली मागणार नाही. डोळे मिटा म्हणणार, आणि त्यांच्या तळव्यावर बारा-तेराचा पाना ठेवणार. मग विचारणार –

बाबा, कितीचा?